गेनभाऊचं दार

गेनभाऊ कधी कुणाच्या पुढं चालला नाही. नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर उतरला की आधी तो एक माणूस निवडायचा, बाई बाजारात वांगी निवडते तसा, खालीवर बघून, आणि मग त्याच्या मागं चालायला लागायचा. स्टँडपासून आमच्या राहुटीपर्यंतचं अंतर ते काय, नेलेला चहा गार होत नाही. पण तेवढ्यात रस्त्यावर त्या माणसाचे दोन झालेले असायचे. पुढच्याची मान कलली की मागच्याची कललेली, पुढचा धोतराचा सोगा सावरतोय तर मागचा पँटीत असून सोगा सावरतोय. वारूळवाडीच्या एका दूधवाल्याचं कुत्रं असंच चुकून गेनभाऊच्या मागं त्याच्या घरी गेलं आणि तिथंच राहिलं. दूधवाला न्यायला आला तर त्याच्यावरच गुरकावलं. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्याची पिल्लं अजून वारूळवाडीत आहेत, त्यांना विचारा.

एकदा पिंपरी पेंढारच्या शिवारात दिवस मावळताना तो असाच एका बागायतदाराच्या मागं चालला होता, दोन्ही बाजूंना ऊस. मधेच त्याला वाटलं, आपल्या मागं कुणीतरी आहे. वळून बघितलं तर बिबट्या. दुसरा माणूस असता तर पळाला असता आणि संपला असता. गेनभाऊनं काय केलं, खांदे खाली सोडले, मान पुढं घातली आणि बिबट्याची चाल धरली. बिबट्या थांबला, त्यानं नीट बघितलं, आणि आपल्याच घराण्यातलं कुणी वडीलधारं असावं असं समजून मुकाट्यानं उसात उतरला. पुढच्या बागायतदाराला यातलं काहीच कळलं नाही. मला हे गेनभाऊनं सांगितलं. म्हणजे खरंच असणार, कारण स्वतःच्या डोक्यातून काही बनवणं त्या माणसाला येतच नव्हतं.

"मॅनेजर," तो म्हणायचा, "मी बनवत न्हाई. उचलतो."

मॅनेजर म्हणजे मी. एका तमाशाच्या फडाचा कारभार माझ्याकडं होता, आणि गेनभाऊ आमचा सोंगाड्या. पाडव्याच्या सुमाराला सगळ्या फडांच्या राहुट्या नारायणगावात लागतात. गावोगावचे पंच येतात, राहुटीत बसून चहा पितात, जत्रेची तारीख ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. आमच्या राहुटीत मात्र सुपारी दिल्यावर पंच लगेच उठत नसत. एक जण दाराकडं बघायचा, दुसरा आवाज खाली करायचा आणि गावातल्या एका माणसाचं नाव सांगायचा. बस्स, नाव. जत्रेच्या आदल्या दिवशी गेनभाऊ वेश बदलून त्या गावात जायचा. कधी बकऱ्यांचा व्यापारी, कधी मिक्सर दुरुस्तीवाला, एकदा तर हरवलेला जावई. त्या माणसाला दिवसभर बघायचा आणि दुसऱ्या दिवशी बतावणी सुरू झाली, म्हणजे वगाच्या आधीची सोंगाड्यांची थट्टामस्करी, की तोच माणूस स्टेजवर, आमच्या भाषेत बोर्डवर, चालत यायचा. खरा माणूस पुढं सतरंजीवर बसलेला असायचा. गाव आधी बोर्डकडं बघायचं, मग त्याच्याकडं, मग हसायला लागायचं. मी असं हसणं ऐकलंय की तंबूचे खुंटे उपटून आलेत. निघोज का कुठं, एका म्हाताऱ्याची कवळी हसताना सुटली ती ढोलकीवाल्याच्या मांडीत पडली, आणि त्यानं तिच्यासकट ठेका चालू ठेवला.

ज्याचं सोंग निघालं त्याला काय वाटायचं? ते विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. एक सावकारकी करणारा वर्षभर घराबाहेर पडला नाही. एक पुढारी पुढची निवडणूक पडला, कारण भाषणाला उभा राहिला की लोकांना गेनभाऊ दिसायचा. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण तिच्या बापाचं नाक ओढणं सोयऱ्यांनी आधी बोर्डवर बघितलं आणि मग बैठकीत. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो विडी पेटवत होता. म्हणाला, "माणूस तोंडानं खोटं बोलतो, टाचंनं न्हाई. मी टाच दावली. त्यात माजं काय गेलं?"

त्याचं काहीच जात नव्हतं, कारण त्याचं असं काही नव्हतंच. ही गोष्ट आधी त्याच्या बायकोनं ओळखली. पारूवहिनी मला म्हणाली होती, "भाऊजी, माझ्या दारातनं रोज नवा माणूस आत येतो. त्याला जेवायला वाढायचं आणि गप ऱ्हायाचं." एकदा मात्र त्यानं हद्द केली. वहिनीचे वडील वारून महिनाही झाला नव्हता. संध्याकाळी हा दारातून आला तो त्यांच्या चालीनं आला. एक हात कमरेवर, उंबऱ्याशी थांबून खाकरणं, मग चप्पल काढून ती पायानंच भिंतीला सरकवणं. वहिनी हातात ताट घेऊन उभी होती. तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. ठेवल्यावर तिला कळलं. मला वाटतं, त्यानंतर ती त्याच्याशी फारशी बोलली नाही. गेनभाऊनं मला दुसऱ्या दिवशी राहुटीत सांगितलं, ते कौतुकानं. "खाकरणं बराबर बसलं, मॅनेजर. पाया पडली."

पण त्याला एक दुखणं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या फडांतले सोंगाडे एकमेकांची नक्कल करायचे. कुणाचं नाकात बोलणं, कुणाचं गुडघ्यात वाकणं. लोक नाव घ्यायच्या आत ओळखायचे. गेनभाऊची नक्कल कुणालाच जमायची नाही. करायची कशाची? तो कधी वारूळवाडीचा आबा असायचा, कधी जुन्नरचा शिंपी, कधी कुठला तलाठी. नक्कल करणारा त्या आबाची करायचा, आणि लोक आबाला हसायचे. "ज्याची नक्कल व्हत न्हाई त्यो नट न्हाई, मॅनेजर," तो म्हणायचा, "त्यो नुसता गडी. बोर्डवर आला, सामान ठेवलं, गेला. माझी एकदा कुणी केली ना, की मी सुटलो." हे तो इतक्यांदा बोलला होता, की फडातल्या स्वैपाक करणाऱ्या बाईलाही पाठ होतं.

मग सिनेमा आला. पुण्याचा एक दिग्दर्शक जत्रेत आमचा खेळ बघून गेला आणि गेनभाऊला नायिकेच्या बापाचं काम दिलं. गेनभाऊ मला सोबत घेऊन गेला. शूटिंग एका मळ्यात होतं. लेकीची पाठवणी, बापानं नुसतं उभं राहायचं आणि गाडी जाताना बघायचं. एक वाक्य नाही. गेनभाऊनं विचारलं, कुणाचं करू? दिग्दर्शक भला माणूस, त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, कुणाचंच नका करू, गेनभाऊ, तुम्ही तुमचं करा. तुम्हाला जे वाटेल ते चेहऱ्यावर येऊ द्या.

"म्हंजी कुणाचं?" गेनभाऊनं पुन्हा विचारलं.

कॅमेरा सुरू झाला. गाडी गेली. मी कॅमेऱ्याशेजारीच उभा होतो, म्हणून सांगतो. त्या तोंडावर काहीसुद्धा आलं नाही. घासून पालथं घातलेलं ताट. गाडी पुन्हा मागं आणली, पुन्हा नेली. ड्रायव्हरनं दिवसभरात एवढ्या चकरा मारल्या की तेवढ्यात बैलगाडी भीमाशंकरला जाऊन आली असती. नायिकेचं रडणं संपलं, ग्लिसरीनची बाटली संपली, गेनभाऊच्या तोंडावर तेच ताट. शेवटी दिग्दर्शक चिडला, टोपी काढून मांडीवर आपटली. दुसऱ्या क्षणाला गेनभाऊनं नसलेली टोपी काढून मांडीवर आपटली. तंतोतंत. सगळं युनिट हसलं आणि त्याच्या हातचं काम गेलं.

त्याला बाजाराच्या गर्दीत टाकलं, पाठमोरा. सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. त्या बाजारात जेवढी माणसं पाठमोरी चालतात त्यांतली निम्मी गेनभाऊच, फक्त टोप्या वेगळ्या. आणि थेटरात भांडण जुंपलं. एक म्हणतो, ही चाल आबाची. दुसरा म्हणतो, छट्, ही घोडेगावच्या नानाची. गेनभाऊ माझ्या शेजारी बसला होता. त्याचं नाव एकानंही घेतलं नाही. घरी गेल्यावर त्यानं पारूवहिनीला विचारलं, मी कसा चालतो गं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, मला काय ठावं.

आता नामदेवचं सांगतो, कारण पुढचं सगळं नामदेवचं आहे.

डिंभ्याच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला एक गाव आहे. त्या वर्षी तिथले पंच आले, तारीख ठरली, सुपारी दिली, आणि नाव सांगितलं ते नामदेवचं. मी विचारलं, हा कोण? पुढारी आहे का, व्यापारी आहे? पंच म्हणाले, नाही हो, देवळाच्या वाटेवर बेल-नारळ विकतो. मग ह्याचं काय? तर त्याची बायको यात्रेकरूंच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली होती. एक पंच डोळे पुसत हसायला लागला. "त्या वर्षाला गावात दुसरं काय घडलंच न्हाई, राव," तो म्हणाला.

गेनभाऊ बकऱ्यांचा व्यापारी होऊन गेला. नामदेवनंच त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, म्हणाला, पावणं, एवढ्या उन्हाचं कुठं जाता, भाकर खाऊन जा. गेनभाऊनं भाकर खाल्ली. संध्याकाळपर्यंत तिथंच लोळला. आणि दिवेलागणीला त्याला पाहिजे होतं ते दिसलं. नामदेवनं दार लावलं. कडी घातली नाही. थोड्या वेळानं तेच दार हातभर उघडलं, मान बाहेर काढली आणि रस्त्याच्या वळणाकडं बघितलं. तळहात मांडीला पुसला. मग दार पुन्हा लावलं, इतकं हळू, की आत कुणी झोपलंय आणि आवाजानं जागं होईल. आत कुणीही नव्हतं. गेनभाऊ म्हणाला, थोड्या वेळानं पुन्हा तेच केलं. आणि पुन्हा.

दुसऱ्या दिवशी बोर्डवर गेनभाऊ आला. दार नाही, चौकट नाही, काही नाही. त्यानं हवेतलं दार लावलं, हातभर उघडलं, मान काढली, तळहात पुसला. आधी एकच बाई हसली. मग लाट आली. पोरं लोळायला लागली, पंच एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. गेनभाऊनं ते दार पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. प्रत्येक वेळी हसणं वरच्या पट्टीत. आणि नामदेव पहिल्या रांगेत होता. तोसुद्धा हसत होता. मी बाजूच्या पडद्याआडून बघत होतो. गाव हसतंय म्हटल्यावर आपणही हसलं पाहिजे, असं तोंड करून तो हसत होता, आणि तळहात मांडीला पुसत होता. मग गाव बोर्डकडं बघायचं सोडून त्याच्या हाताकडंच बघायला लागलं.

नामदेवनं दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून घराचं दार काढून टाकलं. चौकट तेवढी ठेवली. वारा, पाऊस, कुत्री, माकडं, सगळ्यांना घर मोकळं. मी गेनभाऊला सांगितलं तेव्हा त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "चूक केली गड्यानं. आता मान कुठनं काढंल?"

पुढं टीव्हीवर एक मालिका लागली. लेक शहरात जाते आणि परत येत नाही, बाप वाट बघतो. असल्या मालिका रोज लागतात. सिनेमावाल्या त्याच दिग्दर्शकाचा कुणी शिष्य होता, त्यानं गेनभाऊला बापाचं काम दिलं. आणि ह्या वेळी गेनभाऊनं, कुणाचं करू, असं विचारलंच नाही. त्यानं दार लावलं, हातभर उघडलं, मान काढली, तळहात मांडीला पुसला, आणि आवाज न करता दार पुन्हा लावलं.

काय सांगू. घराघरात बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. टोमॅटोच्या मार्केटात हमालांनी क्रेट खाली ठेवले आणि मोबाईलवर ते दार बघून डोळे पुसले. रस्त्यात लोक गेनभाऊला थांबवायचे. भाऊ, तेवढं दार करा. लग्नात दार, शाळेच्या कार्यक्रमात दार, पतसंस्थेच्या उद्‍घाटनाला दार. कापायची फीत बाजूला राहायची. 'गेनभाऊचं दार' असंच त्याला नाव पडलं. आणि डिंभ्यापुढच्या त्या गावात, ज्या बाया त्या दारावर पोट धरून हसल्या होत्या, त्याच टीव्हीपुढं हुंदके देत बसल्या. आणि त्यांच्या टीव्हीच्या खोलीसमोर, रस्ता ओलांडला की नामदेवचं बिनदाराचं घर.

मी हे गेनभाऊला म्हणालो. त्याला फार मजा वाटली. "तंबूत हसली, घरात रडली. दार त्येच, मॅनेजर. दारात काय बी नसतं."

"मग कशात असतं?"

"टिकीट काडून बसलं की हसू येतं, फुकट बघितलं की रडू," तो म्हणाला, आणि चहा मागवला.

त्यानंतरच्या वर्षी त्याची डावी बाजू गेली. झटका आला तो टपरीवर, कप हातात असताना. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तोंड एका बाजूला उतरलं होतं, डावा हात छातीशी मुडपलेला, डावा पाय जमिनीवरून घासत अर्धगोल काढत यायचा. मी भेटायला गेलो, म्हटलं आता सांत्वन काय करायचं. तर हा माणूस वाटच बघत होता. भिंत धरून उठला, ओटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय घासत गेला आणि वळून माझ्याकडं बघितलं. लाळ पुसून म्हणाला, "कशी हाय?"

"काय?"

"चाल. माझी हाय ही. कुणाची उचललेली न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची चाल मिळाली होती आणि तो ती नव्या सायकलसारखी दाखवत होता. पारूवहिनी मोरीशी भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. मला जाताना म्हणाली, "भाऊजी, आता एकच माणूस घरात येतो. पण आता उशीर झालाय."

फडात त्याच्या जागी संत्या आला होता. तरणा, चपळ, गेनभाऊनंच तयार केलेला. पाडव्याला राहुटी लागली आणि डिंभ्यापुढचे ते पंच आले. बरोबर नामदेव होता. एवढ्या वर्षांत तोही पंच झाला होता, माणूस कशावरही चढतो. तारीख ठरली. सुपारी दिली. मग दाराकडं बघणं, आवाज खाली करणं. ह्या वेळी नाव नामदेवनं सांगितलं.

"गेनभाऊ."

मी म्हटलं, तो काय तुमच्या गावचा आहे? तर नामदेव म्हणाला, "लोकांच्या दारात बसला तवा गावचा व्हता का? करा त्याचं. आणि त्याला पुढं आणून बसवा."

मी हे गेनभाऊला सांगायला गेलो, जरा घाबरतच. त्याला वाटेल, सूड घेतायत. गेनभाऊनं ऐकलं आणि त्याच्या उतरलेल्या तोंडाची चांगली बाजू इतकी हसली, की उतरलेली बाजूही जरा वर गेली. "आली का माझी पाळी," तो म्हणाला. संत्या बघायला येणार म्हणून त्यानं पांढरी बंडी घातली. संत्या बकऱ्यांचा व्यापारी होऊन आला. गेनभाऊनं त्याला ओळखलं, त्यानं ओळखलं हे संत्यानं ओळखलं, आणि तरी दोघांनी बकऱ्यांचा भाव केला. गेनभाऊ दिवसभर ओटीवर चालला. दमला तरी चालला. पाय घासून घासून त्यानं सारवणाला पाट पाडला, आता पावसाळ्यात त्यातून पाणी वाहतं. संत्या उठताना तो म्हणाला, पायाचा घोटा आतल्या बाजूला पडतो, तेवढं इसरू नको.

जत्रेच्या दिवशी त्याला जीपमधून नेला. पारूवहिनी आली नाही. पहिल्या रांगेत खुर्ची टाकली, शेजारच्या खुर्चीत नामदेव. बतावणी सुरू झाली आणि संत्या आला. डावा हात छातीशी, तोंड उतरलेलं, पाय अर्धगोल काढत, घोटा आत पडलेला. मी शपथेवर सांगतो, असं सोंग मी बघितलं नाही. पुढं गेनभाऊ, बोर्डवर गेनभाऊ. कोण कुठला हे यमालाही कळलं नसतं. आणि गेनभाऊ खुर्चीत पुढं सरकून बसला होता, चांगला हात कानामागं धरून. हसण्याची वाट बघत होता, लोक आपलं नाव घेतील त्याची.

मागून पहिला आवाज आला. "आरं, ह्यो तर आपला किसन आप्पा!"

आणि हसण्यानं तंबू कोसळायला आला. किसन आप्पा म्हणजे त्यांच्या गावातला एक म्हातारा, त्याचीही डावी बाजू गेलेली. तोही सतरंजीवर बसला होता. गाव बोर्डकडं बघायचं आणि किसन आप्पाकडं बघायचं. पोरांनी किसन आप्पाला उचलून उभं केलं, चाला आप्पा, चाला. तो बिचारा चालला. संत्या वर, आप्पा खाली, दोघं एकाच तालात. लोकांना श्वास घेता येईना. गेनभाऊकडं एकानंही बघितलं नाही. मधल्या गोंधळात कुणीतरी त्याला म्हणालं, ओ बाबा, जरा मान खाली घ्या, मागं दिसत नाही.

हे सोंग गेनभाऊचं आहे, हे नामदेवला माहीत होतं. बाकीचे पंच आप्पाला हसताना ते विसरून गेले होते, लक्षात राहिलं ते एकट्या नामदेवच्या, आणि तो हसायचं ठरवून आला होता. त्यानं तोंड उघडलं. पण हसणार कुणाबरोबर? सगळं गाव दुसऱ्याच माणसाला हसत होतं. तोंड तसंच उघडं राहिलं.

परत येताना जीपमध्ये गेनभाऊ आपल्या घोट्याकडं बघत बसला होता. घोडेगाव गेल्यावर म्हणाला, "त्या आप्पाचा घोटा माझ्यापेक्षा जास्त पडतो." आणि घरी गेल्यावर तो किसन आप्पासारखा चालायला लागला. मी डोळ्यांनी बघितलं. घोटा जास्त पाडून.

गणपतीच्या आधी तो गेला.

दहाव्याला मीना नदीच्या घाटावर सगळे जमलो. मूलबाळ नव्हतं, पुतण्यानं पिंड ठेवला. कावळे होते, पलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसले होते. एकही खाली येईना. पुतण्या म्हणाला, चुलतीला सांभाळीन. कावळे चोच पुसत राहिले. मी म्हणालो, गेनभाऊ, फडाच्या बोर्डवर तुझा फोटो लावतो, हार रोज ताजा. एक कावळा तोंड फिरवून बसला. मग फडातल्या त्या स्वैपाकाच्या बाईला आठवलं. "आवं, त्यांचं ठावं न्हाई का? कुणी त्यांची नक्कल करा, म्हंजी सुटतील."

संत्या लगेच उठला. हात छातीशी घेतला, तोंड उतरवलं आणि पाय घासत पिंडाभोवती चालला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं पोराच्या, तरी घोटा चुकवला नाही. मागं दोघांची कुजबूज सुरू झाली. एक म्हणाला, आमचा थोरला चुलता अगदी असाच चालायचा. दुसरा म्हणाला, नाही, ही आमच्या सासऱ्यांची चाल. भांडणावर आले. कावळे बसले ते बसलेच. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी पंचांग उघडून मिटायला लागले.

तेव्हा नामदेव पुढं आला. तो कधी आला होता कुणाला माहीत, मागं उभा होता, एका कडेला. मी त्याला हळूच म्हटलं, तुम्ही कशाला आलात? तो म्हणाला, "माजं एक त्याच्याकडं ऱ्हायलंय. त्ये घेऊन जायला आलोय." पिंडापुढं जाऊन उभा राहिला आणि हात जोडले नाहीत. आवाज मात्र अगदी खालचा. "गेनू, माजं दार दे. भाकर खाऊन नेलंस त्ये. मला घरी वाट नीट बगता येत न्हाई."

आणि काय द्यायचं ते मेलेल्या माणसाला कळावं म्हणून त्यानं हवेतलं दार लावलं. हातभर उघडलं. मान बाहेर काढली. तळहात मांडीला पुसला.

घाटावर एकदम खळबळ उडाली. "आरं तिच्यायला," कुणीतरी म्हणालं, "हुबेहूब गेनभाऊ." सगळ्यांनी ओळखलं. नाव घ्यायच्या आत ओळखलं. म्हातारे, पोरं, बाया, सगळे माना डोलवायला लागले, दहाव्याला हसू नये म्हणून तोंडावर हात धरायला लागले आणि हातातून हसायला लागले. बाभळीवरून एक कावळा सुटला तो सरळ पिंडावर. त्याच्यामागं दुसरा. भाताचं शीत उरलं नाही.

नामदेव वळून म्हणाला, "ह्ये त्याचं न्हाई. माजं हाय." पण तोवर लोक त्याच्याभोवती जमले होते. एक जण त्याच्या पाठीवर थाप मारत विचारत होता, पावणं, कुठं शिकला, टीव्हीवर बघून का? पारूवहिनी बायांतून पुढं आली. इतक्या वर्षांत मी तिच्या चेहऱ्यावर समाधान बघितलं नव्हतं, ते तेव्हा बघितलं. तिनं नामदेवला नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, वर्षश्राद्धाला या. ह्यांचं दार करायला." आणि मी, इतकी वर्षं राहुटीत बसलेला माणूस, सवयीनं तारीख विचारून बसलो.

 नामदेव मान काढून घाटाच्या वरच्या वळणाकडं बघत उभा राहिला. हात मांडीला पुसत होता. मागून कुणीतरी पोराला पुढं ढकललं आणि म्हणालं, बघ बघ, अजून करतोय.